चॉकलेटी आकाशातून एम ४२ काढताना

मुंबईतून काढलेला पहिला डीप स्काय फोटो, म्हणजे तेजोमेघ, दीर्घिका, तारकागुच्छ असल्या गोष्टींचा फोटो, सगळ्यांचा सारखाच येतो. चॉकलेटी. मधे एक फिकट गुलाबी डाग, चारी कोपरे काळपट, आणि ज्या बाजूला हायवे किंवा स्टेशन असेल त्या बाजूनं उजेडाचा एक फुगा वर आलेला. आमच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा मुलगा, अकरावीतला, त्यानं दिवाळीनंतर ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र) घेतला आणि घाटकोपरच्या गच्चीवरून मृग नक्षत्रातला एम ४२ हा तेजोमेघ काढला, मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, सगळं चॉकलेटी आलंय, फोटोशॉपमधे कुठला स्लायडर ओढू?"

मी म्हटलं जेपीजी नको, रॉ फाइल्स दे, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या, सगळ्या. त्या बघितल्यावर जे त्याला सांगितलं तेच इथे जरा पसरून लिहितेय, कारण हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि सगळ्यांची समजूत एकच असते, की लाइट पोल्युशन म्हणजे फोटोवर चढलेला एक रंग आहे आणि तो रंग काढला की झालं.

रंग निघतो हो. रंग काढणं हे या सगळ्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. सिरिल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ग्राएक्सपर्ट आहे तेही फुकट, दोन-चार क्लिकमधे तो चॉकलेटी थर वजा होतो आणि मागे छान काळपट-करडं आकाश येतं. आणि मग तुम्ही तेजोमेघाचे पंख दिसावेत म्हणून जरा स्ट्रेच करता, म्हणजे फिकट भाग ओढून उजळ करता, आणि वाळू. सगळीकडे रंगीत वाळू. त्या वाळूला मग डिनॉइज लावता, ती मेणासारखी गुळगुळीत होते, त्यावर शार्पनिंग, आणि शेवटी जे येतं ते एम ४२ चं प्लास्टिकचं खेळणं असतं.

हे का होतं ते एकदा नीट कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. कॅमेऱ्यावर फोटॉन येतात ते रांगेत, ठरल्या वेळेला येत नाहीत, कसेही येतात, कधी चार जास्त कधी चार कमी. आकाशाचा उजेड सरासरी १०,००० फोटॉन देत असेल तर त्यातली वरखाली साधारण १०० ची असते, म्हणजे वर्गमूळ. आता सॉफ्टवेअर काय करतं, तर ते १०,००० वजा करतं. सरासरी गेली. पण ती १०० ची वरखाली कुठे जाणार? ती तिथेच बसलीय, आणि तुमच्या तेजोमेघाच्या कडेचा फिकट भाग जर ३० फोटॉनचा असेल तर तो त्या १०० च्या खाली गाडला गेलाय. दादरच्या पुलावर संध्याकाळी सातला कुणी तुमच्या कानाशी कुजबुजलं तर ऐकू येत नाही, आणि ते रेकॉर्ड करून घरी आणून आवाज कमी केला तरी ऐकू येत नाही, तसंच हे.

मग उपाय काय, तर तीच कुजबूज पुन्हा पुन्हा ऐकायची. म्हणजे स्टॅकिंग. एकाच गोष्टीचे भरपूर सब, म्हणजे सुटे एक्स्पोजर, काढायचे आणि एकमेकांवर रचायचे, सिग्नल (ऑब्जेक्टचा उजेड) सबच्या संख्येच्या पटीत वाढतो आणि नॉइज (ती वरखाली) फक्त वर्गमूळाच्या पटीत. ४ सबना दुप्पट स्वच्छ, १०० सबना दहापट. हे सगळ्यांना पाठ असतं. जे लक्षात येत नाही ते हे, की मुंबईत किती लागतात.

आकाशाचा काळेपणा मोजायचं एक माप आहे, आकाशाच्या एका चौरस आर्कसेकंदाच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तुकड्याच्या तेजाची प्रत किती, मॅग्निट्यूडमधे. आकडा जितका मोठा तितकं आकाश काळं. लडाखात हनलेसारख्या ठिकाणी तो २२ च्या जवळ जातो, आपल्याकडे महानगरात १८ च्या आसपास धरा, काही भागात त्याहून वाईट. फरक ४ मॅग्निट्यूडचा. ५ मॅग्निट्यूड म्हणजे १०० पट, तर ४ म्हणजे साधारण ४० पट. म्हणजे आपलं आकाश तिथल्यापेक्षा ४० पट उजळ आहे, आणि फिकट गोष्टींच्या बाबतीत हिशोब असा की तेवढीच स्वच्छता हवी असेल तर एक्स्पोजरचा एकूण वेळही ४० पट लागतो. तिथला एक तास बरोबर इथले चाळीस तास. त्या मुलानं एकूण वीस मिनिटांचे सब काढले होते. मी त्याला म्हटलं, बाळा, तुझी वीस मिनिटं म्हणजे हनलेतलं अर्धं मिनिट. अर्ध्या मिनिटात आलेला फोटो म्हणून बघ, मग कळेल किती चांगला आलाय ते.

(त्याला ते कौतुक वाटलं की टोमणा, माहीत नाही. त्यानं फक्त अंगठा पाठवला.)

तर माझं म्हणणं एवढंच आहे की मुंबईत राहून हे करायचं तर दर शनिवारी नवीन ऑब्जेक्ट धरायचा नाद सोडा. एकच धरा. एम ४२ तर एम ४२, अख्खा सीझन. रोज तासभर, दोन तास, जे मिळेल ते, आणि सगळे सब एकत्र स्टॅक करा. एका तासाचे चार तास झाले की फोटो दुप्पट स्वच्छ होतो, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. चारचे सोळा केले की आणखी दुप्पट. त्याच्या पुढची दुप्पट मात्र फार रात्री खाते, सोळाचे चौसष्ट करण्यापेक्षा एका अमावास्येला भंडारदऱ्याला जाऊन यावं. आधीची पिढी वांगणीला जायची, खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम तिथे व्हायचे, कर्जत लोकलनं जायचं आणि सकाळच्या गाडीनं परत. आता बदलापूरकडचा उजेड तिकडेही सरकलाय. पेंचला जानेवारी २०२४ मधे देशातला पहिला डार्क स्काय पार्क जाहीर झाला तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळे नाचले, पण मुलुंडहून पेंच म्हणजे नागपूरच्याही पुढे, शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघण्यासारखं नाही ते.

आता सेटिंगकडे. मुलानं लेन्स २.८ ला पूर्ण उघडलेली, आयएसओ ३२००, एक मिनिटाचे सब. काळ्या आकाशात चाललं असतं. इथे हिस्टोग्रामचा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख) डोंगर उजव्या भिंतीला जाऊन टेकला होता, बऱ्याच ताऱ्यांचे रंग जळून पांढरे झालेले आणि एम ४२ च्या गाभ्यातले ट्रॅपिझियमचे चार तारे तर एक पांढरा गोळा. लोकांना वाटतं लांब सब म्हणजे चांगला सब. लांब सब काढायचे ते कॅमेऱ्याचा स्वतःचा रीड नॉइज आकाशाच्या नॉइजपुढे नगण्य व्हावा म्हणून, आणि मुंबईत आकाश इतकं उजळ आहे की ते काम वीस-तीस सेकंदात होऊन जातं. त्यापुढे सब लांबवून मिळत काहीच नाही, फक्त तारे जळतात. हे एका अर्थानं आपलं नशीबच, लहान सब म्हणजे ट्रॅकिंग थोडं इकडेतिकडे असलं तरी चालतं, विमान गेलं तर एकच सब फेकायचा. आणि विमानं तर काय, घाटकोपरच्या डोक्यावरूनच. आयएसओ ८०० करा, लेन्स ४ ला आणा म्हणजे कोपऱ्यातले तारेही पक्ष्यांसारखे दिसणार नाहीत, आणि हिस्टोग्रामचा डोंगर डाव्या कडेपासून सुटलेला पण पाव ते एक तृतीयांश अंतराच्या पुढे न गेलेला असा ठेवा. गाभ्यासाठी वेगळे दोन-पाच सेकंदांचे सब काढून ठेवा, ते नंतर मिसळता येतात. रॉ मधेच काढा हे सांगायची गरज नसावी पण सांगते.

फ्लॅट्स, म्हणजे सारख्या उजेडाच्या कोऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाचे फोटो. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण ९० टक्के लोक फ्लॅट्स काढतच नाहीत आणि मग आकाश साफ होत नाही म्हणून रडतात. लेन्स कोपऱ्यात कमी उजेड पोचवते, सेन्सरवर धूळ असते, त्याचे गोल डाग पडतात. काळ्या आकाशाखाली हे फारसं जाणवत नाही कारण मागचा उजेडच कमी असतो. मुंबईत मागचा उजेड प्रचंड, त्यामुळे कोपऱ्यातली ती काळोखी पण प्रचंड होऊन दिसते. आता हे सॉफ्टवेअरला कळत नाही की यातला ग्रेडियंट (आकाशाच्या उजेडाचा एका बाजूकडून दुसरीकडे जाणारा उतार) कुठला आणि लेन्सची काळोखी कुठली. आकाशाचा उजेड हा वरून मिसळलेला आहे, तो वजा करायचा असतो. लेन्सची काळोखी मात्र गुणली गेलेली आहे, तिला भागावं लागतं, आणि भागायचं काम फक्त फ्लॅट्स करतात. फ्लॅट्स न लावता बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे आकाशाचा उजेड वजा करणं, केलं की मधे एक विचित्र हिरवट-जांभळी कडी उरते, ती कशानंच जात नाही, आणि लोक फिल्टरला दोष देतात. काढायला सोप्पं आहे, लेन्सवर पांढरा धुतलेला टीशर्ट दोन घड्या करून ताणून लावायचा, सुरकुती नको, त्यावर टॅबचा पांढरा स्क्रीन धरायचा, एपर्चर मोडला वीस-तीस फोटो. फोकस हलवायचा नाही, लेन्स काढायची नाही, कॅमेरा फिरवायचा नाही, त्याच रात्री काढायचे. टॅब नसेल तर पहाटेचं आकाश चालतं. डार्क्स (लेन्सला झाकण लावून काढलेले फोटो) काढत असाल तर काढा, थंडीतल्या लहान सबना ते इतके महत्त्वाचे नाहीत, त्यापेक्षा दर आठ-दहा सबनंतर फ्रेम किंचित सरकवा, म्हणजे डिदर. नाहीतर स्ट्रेच केल्यावर सगळ्या फोटोभर तिरका पाऊस पडल्यासारख्या रेघा येतात.

फिल्टर घेऊ का हा पुढचा प्रश्न असतोच. जुनी पुस्तकं आणि जुने व्हिडिओ बघून लोक लाइट पोल्युशन फिल्टर घेतात. ते ज्या काळात बनले त्या काळात रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते, त्यांचा बहुतेक उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच, तेवढी पट्टी कापली की काम झालं. २०१५ साली मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा केवढा गोंधळ झाला होता आठवतंय ना, राणीचा हार गेला म्हणून? आम्हा लोकांचं दुःख वेगळं होतं. एलईडी निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, त्याला कापायचं तर कुठे कापणार, जे कापाल त्यात तारेही कापले जातात. त्यामुळे ते जुने फिल्टर आता मुंबईत अर्धवटच चालतात. ड्युअल बँड फिल्टर मात्र चालतात, आणि कमाल चालतात, कारण ते उलटं करतात: हायड्रोजन अल्फाची ६५६ आणि ऑक्सिजनची ५०१ नॅनोमीटरच्या आसपासची पट्टी सोडून बाकी सगळं अडवतात. पण हे फक्त स्वतः उजळणाऱ्या तेजोमेघांना, म्हणजे एम ४२, रोझेट, लगून यांना. देवयानी दीर्घिका किंवा कृत्तिका यांचा उजेड ताऱ्यांचा, म्हणजे सगळ्या रंगांत पसरलेला, तिथे हा फिल्टर लावणं म्हणजे ऑब्जेक्टलाच झाकणं. शिवाय साध्या डीएसएलआरमधे सेन्सरपुढे जी काच असते ती हायड्रोजन अल्फाचा बराचसा उजेड आधीच खाते. मुलाला मी सांगितलं, यंदा फिल्टर नको, ते पैसे ड्यू हीटरला (लेन्स गरम ठेवणारा पट्टा) आणि पॉवर बँकेला घाल. आपल्या खाडीकाठच्या हवेत रात्री दोनला लेन्सवर दव धरतं आणि पुढचे सगळे सब धुरकट येतात, सकाळी कळतं.

काय काढायचं आणि कुठे, यावर थोडं. माझ्या मुलुंड पूर्वेच्या गच्चीवरून उत्तरेला ठाणे, पूर्वेला खाडीपलीकडे ऐरोली, पश्चिमेला डोंगर पण डोंगराच्या पलीकडे बोरिवली-कांदिवली. सगळीकडून उजेड. बरं फक्त डोक्यावर. त्यामुळे ऑब्जेक्ट ४५ अंशांच्या वर असेल तेवढाच वेळ शूट करायचं, ३० अंशांवर हवेचा थर डोक्यावरच्या दुप्पट होतो आणि उजेड त्याच थरात पसरलेला असतो. मुंबई १९ अक्षांशावर म्हणून एम ४२ इथे ६५ अंशांपर्यंत चढतो, युरोपातल्या लोकांना हे सुख नाही. देवयानी पण छान वर येते, पण तिचा गाभा सोडला तर बाकीची तबकडी मुंबईत काढणं म्हणजे तपश्चर्या. एम ३३ चा तर विचारच करू नका, कागदावर प्रत ५.७ दिसते, पण ती एवढ्या मोठ्या भागावर पसरलेली आहे की हाती काही लागत नाही. तारकागुच्छ मात्र बिनधास्त काढा, शौरीतला एम १३, ययातीतला जोडगुच्छ, तारे म्हणजे ठिपके, त्यांना उजेडाचा त्रास त्या मानानं कमी. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी एप्रिल-मे मधे दक्षिणेला जेमतेम २३-२४ अंश वर येतो, तो मुंबईतून नको, काशीद-मुरुडच्या बाजूला गेलात तर समुद्रावर काढा.

ध्रुवाचंही तेच, आपल्याकडे तो १९ अंशांवर, म्हणजे माझ्यासाठी ठाण्याच्या उजेडात आणि शेजारच्या टॉवरच्या मागे. ट्रॅकरचा कोन १९ वर लावायचा, दिशा फोनच्या कंपासनं, फोन ट्रॅकरच्या लोखंडापासून लांब धरून. तीस सेकंदांच्या सबना तेवढं पुरतं.

हवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे पाऊस संपल्यासंपल्या सगळ्यात स्वच्छ. डिसेंबर-जानेवारीत थंडी छान पण धूर-धूळ खाली बसून राहते आणि उजेड तिच्यावर पसरतो. मधेच एखादा अवकाळी शिंतोडा पडला की दुसऱ्या रात्री सगळी कामं सोडून गच्चीवर जायचं. आणि रात्री बारानंतर, दुकानांचे बोर्ड आणि घरातले दिवे बंद झाले की फरक पडतो, पहिल्या तासाचे सब आणि तिसऱ्या तासाचे सब शेजारी ठेवून बघा.

प्रोसेसिंगमधे मुलाच्या फाइल्सवर मी काय केलं ते सांगते. स्टॅक करायच्या आधीच सिरिलमधे प्रत्येक सबचा साधा सरळ ग्रेडियंट काढला, पहिल्या डिग्रीचा. कारण रात्रभरात मृग पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, उजेडाचा फुगा फ्रेममधे जागा बदलत राहतो, आणि हे सगळे वेगवेगळे ग्रेडियंट एकावर एक रचले की जो गुंता होतो तो नंतर सुटत नाही. मग स्टॅक, कडा कापल्या, आणि आता उरलेल्या ग्रेडियंटसाठी रिकाम्या आकाशाच्या नमुन्याचे ठिपके. सॉफ्टवेअर आपणहून ठिपके टाकतं, ते तसेच ठेवायचे नाहीत, तेजोमेघावर आणि त्याच्या भोवतीच्या अवकाशातल्या धुळीवर पडलेले एकेक करून काढायचे. नाहीतर ते धुळीलाच लाइट पोल्युशन समजून वजा करतं, आणि तुम्ही रात्र-रात्र जागून जमवलेली तीच तर गोष्ट असते. त्यानंतर फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन, म्हणजे ताऱ्यांचे खरे रंग कॅटलॉगमधून घेऊन त्यावरून फोटोचा रंग बसवणं, ग्रेडियंट काढल्यावरच, आधी नाही. स्ट्रेच सगळ्यात शेवटी. ऑटोस्ट्रेचमधे हिरवंगार दिसलं तर घाबरू नका, ते फक्त स्क्रीनवर दाखवण्यापुरतं असतं.

आणि आकाश काळंकुट्ट करू नका हो. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. ब्लॅक पॉइंट (ज्याच्या खालचं सगळं पूर्ण काळं होतं ती पातळी) ओढला की नॉइज दिसेनासा होतो म्हणून सगळे ओढतात, त्याबरोबर तेजोमेघाच्या कडा पण जातात आणि एम ४२ काळ्या मखमलीवर चिकटवलेला दिसतो. गडद करडं ठेवा. थोडी वाळू राहिली तर राहू दे.

त्या मुलाच्या वीस मिनिटांतून आता पंखांचा वरचा भाग, शेजारचा एम ४३ आणि गाभ्याजवळची निळसर-हिरवट झाक एवढं निघालं. धूळ नाही निघाली, निघणारही नव्हती. त्याला आता सोसायटीच्या सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली आठवड्यातून दोनदा मिळणार आहे, आईनं जाऊन सांगितलं म्हणून. जे जे सब काढशील ते रॉ मधेच, फ्लॅट्ससकट, तारखेच्या फोल्डरमधे जपून ठेव असं मी त्याला सांगितलंय, हार्ड डिस्क भरली तर दुसरी घे पण डिलीट करू नकोस, पुढच्या वर्षी मृग पुन्हा वर आला की नवे सब यातच मिसळता येतात. फक्त कॅमेरा त्याच अँगलला लावायचा, आणि त्यासाठी स्टॅक केलेल्या फोटोचा एक स्क्रीनशॉट फोनमधे ठेवायचा.